द्राक्षांच्या खोक्यांतला नाताळ

“डिंक संपला!” अश्विन ओरडला. “आणि माझं खोकं अजून आ वासून बसलंय!”

“मग कणीक शिजवून खळ कर,” मृण्मयी म्हणाली. “ठरलंय ना आपलं? बाजारातून काहीही विकत आणायचं नाही!”

कॉलनीच्या हॉलमध्ये नुसता पसारा झाला होता. जुन्या साड्यांचे काठ, बाटल्यांची झाकणं, लोकरीचे गुंडे, आणि मधोमध द्राक्षांची रिकामी खोकी. गंगापूर रोडच्या पुढे एक वृद्धाश्रम होता. तिथल्या आजी-आजोबांना नाताळच्या भेटी द्यायच्या, आणि त्याही घरातल्या टाकाऊ वस्तूंतून केलेल्या, असं मुलांनी ठरवलं होतं. प्रत्येक खोक्याचा विषय वेगळा. अश्विनचं खोकं खेळांचं. त्यात चादरीच्या तुकड्यावर रंगवलेला सापशिडीचा पट होता आणि बाटल्यांच्या झाकणांच्या सोंगट्या. मृण्मयीचं चहाचं. वाळवलेला गवती चहा, घरी कुटलेला मसाला आणि नक्षी रंगवलेला एक बिनजोडीचा कप!

इराचं खोकं थंडीचं होतं. बाबांच्या उसवलेल्या स्वेटरच्या बाह्यांचे तिने मोजे शिवले होते, ओव्याची पुरचुंडी बांधली होती आणि काचेच्या बरणीत तिळाच्या वड्या भरल्या होत्या. ती टेबलाच्या अगदी टोकाला बसली होती. कात्री हवी असली तरी ती मागायची नाही. कुणीतरी खाली ठेवेपर्यंत वाट बघायची.

जूनमध्ये ती सायखेड्याहून, गावाकडून, इथे नाशिकला आली होती. बाबांना सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली, आई एका दवाखान्यात कामाला जाऊ लागली. पहिल्याच दिवशी खेळताना इरा म्हणाली, “लय भारी!” आणि सगळे खो खो हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले. तेव्हापासून इरा प्रत्येक शब्द आधी तोंडातल्या तोंडात घोळवून बघायची. तोवर इतरांचं बोलणं कुठल्या कुठे गेलेलं असायचं.

कुणाला काय आवडतं ते विचारायला मुलं आधी एकदा वृद्धाश्रमात जाऊन आली होती. तिथे इराच्या शेजारी एक आजी येऊन बसल्या. चतुराबाई त्यांचं नाव.

“कुठली गं तू?”

“सायखेड्याची.”

“आगं, मंग आपल्याच गावाकडची की! माझं माहेर तिथलंच.” आजींनी तिचा हात धरून ठेवला. “इथं सारं बरं हाय. पण पाय लय गार पडत्यात बघ.”

“मी तुमच्यासाठी लय गरम मोजे करते,” इरा म्हणून गेली. शब्द घोळवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. आणि कुणी हसलंही नाही!

“घिऊन येशील? समदे येतो म्हणत्यात. येत नाय कुणी.”

“नाताळला येते. नक्की.”

पण खोकी तयार झाली आणि कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष महेशकाका हॉलमध्ये आले. “वा, वा! पोचवायची जबाबदारी माझी!”

“आम्हीपण येतो ना काका!” मृण्मयी म्हणाली.

“अरे, गाडीत जागा कुठे आहे? तुम्ही सुट्टी घालवा मजेत!”

इराला पुष्कळ काही बोलायचं होतं. ते शब्द घोळवत असतानाच काका निघून गेले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला. काही आजी-आजोबा ओळीने बसून हसत होते. खाली काकांनी लिहिलं होतं, ‘सर्व भेटी पोचल्या! ज्येष्ठांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहा!’ आईने तो इराला दाखवला. चतुराबाई फोटोत होत्या, पण अगदी कडेला. एकट्याच.

नाताळच्या सकाळी बाबा पहिल्या पाळीला गेले, आई दवाखान्यात गेली. दुपारच्या जेवणाचा डबा ओट्यावर, घरात ठेवलेला जुना फोन टेबलावर, आणि घरात इरा. बाहेर कुणाच्या तरी बाल्कनीत कागदी चांदणी लटकत होती. खालून मुलांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. आपल्याला कुणी हाक मारतंय का, म्हणून ती जरा वेळ कान देऊन उभी राहिली. मग तिने त्या फोनवर पुन्हा ग्रुपवरचा तो फोटो उघडला. निदान चतुराबाईंचा चेहरा तरी बघू!

आणि ती दचकली.

फोटोत आजींच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता! पाती धूसर दिसत होती. कुणाच्याही अंगात स्वेटर नव्हता. एक आजोबा तर वर्तमानपत्राने वारा घेत होते. आणि इथे नाशिकात तर सकाळी दात वाजत होते!

हा फोटो उन्हाळ्यातला होता.

इरा फोन घेऊन धावत निघाली आणि मृण्मयीच्या दारापाशी येऊन थबकली. गेल्या सहा महिन्यांत तिने ही बेल एकदाही वाजवली नव्हती. आतून अश्विनच्या हसण्याचा आवाज आला. ती दोघं चालायला लागल्यापासूनचे मित्र. आपण मध्येच कशाला? ती परत फिरली. दोन जिने उतरलीसुद्धा. मग तिला वाटलं, आजी मोज्यांची वाट बघत असतील! ती तशीच उलट वर धावली आणि तिने बेल दाबली.

“पंखा!” दार उघडताच ती म्हणाली. “फोटोत पंखा चालू हाय!”

कुणी हसलं नाही. अश्विनने फोन हातात घेतला, फोटो मोठा केला आणि शीळ घातली. “कॉलनीतले मोठे एप्रिलमध्ये तिथे गेले होते. काकांनी तेव्हाचा फोटो टाकलाय! मग आपली खोकी कुठे आहेत?”

“चला, विचारूया,” मृण्मयी म्हणाली.

“असं विचारलं तर ते ‘पोचली’ एवढंच म्हणतील,” इरा हळूच म्हणाली. “त्यांना वेगळं काहीतरी विचारायचं.” आणि तिने बेत सांगितला. अश्विन तर उडालाच!

महेशकाका अंगणात गाडी पुसत होते.

“काका,” अश्विनने अगदी भोळा चेहरा केला, “आजी-आजोबांना आमचं माकड आवडलं का हो?”

“माकड?”

“ते लाकडी! शेपटी ओढली की टाळ्या वाजवतं ते!”

“हां, हां! माकड ना!” काका म्हणाले. “अरे, माकडावर तर सगळे जाम खूश! एक आजोबा तर त्याला सोडेचनात!”

“काका,” मृण्मयी म्हणाली, “माकड नव्हतंच.”

काकांच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. ते पुटपुटले, “मला काल वेळ नव्हता रे. मी धोंडीरामला सांगितलं होतं, टेम्पो येईल त्यात खोकी टाक म्हणून. पोचलीच असतील. उद्या बघू. आज माझ्याकडे पाहुणे आहेत.”

कॉलनीचे वॉचमन धोंडीराम गेटवर होते. “म्या टाकली ना टेम्पोत!” ते म्हणाले. “काल रद्दीचाच तर टेम्पो आलता. द्राक्षांची खोकी दिसली, मला काय ठावं आत काय हाय? सातपूरला फकिराच्या गोदामात जातो तो माल.”

रद्दी! तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

मृण्मयीने आईला सांगितलं, इराने आपल्या आईला फोन केला, आणि पुढच्याच सिटी बसने तिघं सातपूरला निघाली. बसमध्ये इरा खिडकीपाशी बसली. मागच्या सीटवर ती दोघं काहीतरी कुजबुजत होती. आपल्याबद्दल असेल का? खोकी नाही सापडली तर? चतुराबाई कुठे बसून वाट बघत असतील? तिला उगाच रडू फुटायला लागलं. तिने तोंड खिडकीकडेच ठेवलं.

फकिराचं गोदाम म्हणजे पुठ्ठ्यांचा डोंगर! आणि त्या डोंगरात द्राक्षांचीच शेकडो खोकी, सगळी एकसारखी. फकिरा एकेक खोकं पायाखाली दाबून चपटं करत होता.

“थांबा!” इरा किंचाळली. “खोकी लय महत्त्वाची हायेत! दाबू नका!”

“आरं, कोण तुम्ही?” फकिरा वैतागला. “दुपारी बंद करायचंय मला. हुडका पटापट!”

पण हुडकायचं कसं? अश्विन ढिगावर चढला आणि धपकन खाली आला. मृण्मयीने कितीतरी खोकी हलवून बघितली. सगळी रिकामी. इरा जमिनीवर गुडघे टेकून बसली होती.

“मुंग्या!” ती म्हणाली.

भिंतीकडून काळ्या मुंग्यांची एक रांग निघाली होती. इरा रांगेच्या मागे रांगत रांगत ढिगाच्या पलीकडे गेली. “इकडे या! तिळाच्या वड्या! सापडली!”

ढिगाखाली सगळी खोकी होती. फक्त एकच चेपलं होतं. इराचं. बरणी फुटून मोज्यांत काचा घुसल्या होत्या, वड्यांवर मुंग्यांची झुंबड होती.

इरा एकेक काच उचलू लागली. इतरांची सगळी सुखरूप, तिचंच तेवढं गेलं होतं. असं व्हायचंच, असं तिला वाटलं.

“अगं, हात कापशील!” मृण्मयीने तिच्या हातातून मोजे घेतले आणि ते उलटे करून नीट झटकले. “हे धड आहेत की! पुरचुंडीपण आहे. अश्विन, माझ्या खोक्यातला निम्मा चहा काढ.”

“आणि हा माझा फासा!” अश्विन म्हणाला. “माझं खोकं ज्या आजोबांना मिळेल त्यांचं चिंचोक्यांवर भागेल!”

“एवढा घोळ करताय तर नीट तरी करा,” फकिरा कुरकुरला. त्याने एक कोरं खोकं आणि रंगीत सुतळीचा तुकडा पुढे टाकला. तिथेच, रद्दीच्या ढिगात बसून, त्यांनी नवं खोकं बांधलं. मृण्मयीने गाठीवर बोट धरलं, इराने सुतळी आवळली.

मग अश्विनने इराच्या फोनवरून महेशकाकांना फोन लावला. “काका, आम्ही सातपूरला आहोत. गाडी आणता का? नाहीतर माकडाची गोष्ट ग्रुपवर टाकावी लागेल!”

काका आले. पाहुण्यांना घरीच बसवून आले. खोकी डिकीत मावली, तीन मुलंही मागे मावली. गाडीत जागा होती! एका सिग्नलपाशी काका म्हणाले, “चुकलं माझं, पोरांनो. फोटो टाकला की काम झालं, असं वाटलं मला. तो पंखा कुणाच्या लक्षात आला?”

“इराच्या!” दोघं एकदम म्हणाली.

“शाबास, इरा! आम्ही सत्तर घरांतली मोठी माणसं तो फोटो बघून नुसत्या टाळ्या पाठवत बसलो!”

वृद्धाश्रमात नाताळची गाणी चालली होती. आतल्या दालनात केक कापला जात होता. चतुराबाई मात्र बाहेर, पायरीवर बसल्या होत्या. शाल डोक्यावरून घेतलेली, नजर फाटकाकडे.

“आजी, आत का नाही गेलात?” इराने विचारलं.

“तू येनार व्हतीस ना? आत गेले अन् तू येऊन माघारी गेलीस तर?”

इराने खोकं उघडून मोजे बाहेर काढले आणि आजींच्या पायांत चढवले. पाय बर्फासारखे गार होते. “वड्या होत्या आजी. बरणी फुटली.”

“ऱ्हाऊ दे वड्या. हितं बस.” आजी सरकल्या. “मला सांग, नदीला पानी किती हाय यंदा? घाटावरच्या पायऱ्या दिसत्यात का?”

इरा सांगू लागली. घाट, बाजार, नदीपलीकडचे मळे, शाळेमागची बोरं. लय, हाय, नाय, सगळं येत गेलं. सहा महिन्यांचं साचलेलं होतं. आजी अधूनमधून विचारत, “अन् मंग?” आणि ती पुढे सांगे. आतली गाणी संपली. आश्रमाच्या मॅडमनी बाहेर येऊन मुलांची पाठ थोपटली, केक दिला. ऊन भिंतीवर चढून नाहीसं झालं आणि गारवा जाणवू लागला.

महेशकाका किल्ली खुळखुळवत आले. “चला मुलांनो, निघूया! अंधार पडेल.”

“थांबा ना काका,” मृण्मयी म्हणाली. “तिचं बोलणं संपलं नाहीये अजून.”

काकांनी पायरीवरच्या दोघींकडे बघितलं. मग त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि तेही खालच्या पायरीवर बसले.