थोरली अजून रस्त्यात उभी आहे

ज्या तोंडाने रोज देवाचं नाव घेते, त्याच तोंडाने हे सांगते आहे. यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

माझ्या भावोजींच्या डोळ्यांदेखत घडलंय हे. उन्हाळ्यातली संध्याकाळ होती, अन् जागा म्हणजे अभयारण्यातला पाणवठ्याकडे जाणारा कच्चा रस्ता.

भावोजी सफारीची जीप चालवायचे. त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या जीपवर. दोघं घरातून निघाले, की त्यांची आई रोज थोरल्याला बजावायची, "धाकट्याला नजरेआड करू नकोस हो. भारी उतावळा आहे."

पाहुण्यांना गेंडा हवा असायचा, बिबट्या हवा असायचा. ड्रायव्हर मंडळी मात्र मान द्यायची एका हत्तिणीला.

थोरली. फाटक्या कानाची.

कळप रस्ता ओलांडू लागला, की ती मधोमध येऊन जीपकडे तोंड करून उभी राहायची. शेवटचं पिल्लू पलीकडे गेलं, की सोंडेने धूळ उडवायची आणि चालू लागायची. धूळ उडेपर्यंत कुणी चावीला हात लावायचा नाही, हा तिथला शिरस्ता.

त्या वर्षी थोरली गेली. म्हातारपणाने, त्याच रस्त्याच्या कडेला. कळप रोज यायचा, तिची हाडं सोंडेने चाचपायचा, खूप वेळ नुसता उभा राहायचा.

मग ऑफिसातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, तिची कवटी गेटवर मांडू. फोटोला बरी. उचलून आणायला धाकटाच सगळ्यांच्या पुढे.

"अरे, त्यांच्या घरचं माणूस आहे ते," भावोजी म्हणाले. "राहू दे तिथेच."

"दादा, आता काय ती रस्ता अडवायला येणार आहे?" धाकटा हसला.

कवटी गेटवर आली. पाहुणे तिच्या कपाळावर हात ठेवून फोटो काढू लागले.

आणि मग ती संध्याकाळ...

कळप रस्ता ओलांडून गेला. भावोजींनी सवयीने इंजिन बंद केलं होतं. मागच्या जीपमध्ये धाकटा एकटाच होता. पाहुणे नव्हते, ही देवाचीच कृपा.

"दादा, रस्ता मोकळा आहे! चल ना, गेट बंद होईल!"

भावोजींचा हात चावीकडे गेला...

पक्षी एकदम गप्प झाले.

समोर पाण्याची बाटली ठेवलेली होती. त्यातलं पाणी थरथरू लागलं...

इंजिन तर बंद होतं.

काहीतरी घुमत होतं. कानांना ऐकू येत नव्हतं, पण बरगड्यांना कळत होतं.

पलीकडे गेलेला कळप थबकला होता. सगळ्यांची तोंडं रस्त्याच्या मध्याकडे वळलेली. तिथे काहीच नव्हतं.

आणि समोरची काच... बाहेरून धुरकट झाली. कुणीतरी अगदी जवळ येऊन श्वास सोडावा तशी.

"थांब रे!" भावोजी ओरडले. "अजून धूळ उडालेली नाही!"

"कोण उडवणार, दादा?"

धाकट्याने जीप बाजूने काढली. भरधाव पुढे गेली... आणि थांबली.

कशावर आपटली नाही. ब्रेकही वाजला नाही. चाकं जागच्या जागी गरगर फिरत राहिली. मग बॉनेटचा पत्रा दबू लागला. हळूहळू... वरून कुणी पाय ठेवावा तसा.

तेवढ्यात गवतातून एक पिल्लू बाहेर आलं. एवढंसं, मागे राहिलेलं. फिरत्या चाकांसमोरून धडपडत पलीकडे गेलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं.

वारा नव्हता.

तरी रस्त्यावर धूळ उडाली.

भावोजी धावले. बॉनेटवर परातीएवढा गोल खळगा पडला होता. धाकटा स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला, डोळे सताड उघडे.

"दादा..." तो म्हणाला.

ते त्याचं शेवटचं बोलणं.

दुसऱ्याच दिवशी भावोजींनी चार माणसं लावून कवटी परत नेऊन ठेवली, हात जोडले, माफी मागितली. काही फरक पडला नाही.

धाकटा जेवतो, झोपतो. बोलत नाही. पण दिवस कलला, की उठतो आणि घरासमोरच्या रस्त्यावर मधोमध जाऊन उभा राहतो. दोन्ही हात पसरून. गाड्या हॉर्न देतात, लोक शिव्या घालतात, आई रडून ओढते. तो हलत नाही. मग केव्हातरी वाकतो, कडेची मूठभर माती उचलून हवेत उडवतो आणि घरात येतो.

परवा मी ताईकडे गेले. भावोजी मला न्यायला आले होते. टॅक्सी त्यांच्या गल्लीत वळली, तर समोर धाकटा. हात पसरून.

"वेडा आहे का हो हा?" टॅक्सीवाला वैतागला.

भावोजींनी शांतपणे हात पुढे केला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"थांबा जरा," ते हळूच म्हणाले. "जाऊ द्या त्यांना."

रस्ता रिकामा होता.

माझ्या मांडीवर पाण्याची बाटली होती. मी मनातल्या मनात नाव घेत राहिले...

बाटलीकडे मात्र पाहिलं नाही.