शेवटचा सांधा

आमची ओळख हाड मोडून झाली. माझं किंवा त्याचं नव्हे, एका डायनासोरचं! क्रेटेशियस काळापासून, म्हणजे कोट्यवधी वर्षं, खडकात धडधाकट राहिलेलं मांडीचं हाड पेटीत घालून तो संग्रहालयात आणत होता, आणि मी, नेहमीसारखी धावत, दारातच त्याच्यावर आदळले. आई मला भिंगरी म्हणते ते उगाच नाही.

आता हा उत्खननवाला मला फाडून खाणार, असं वाटलं. त्यानं पेटी उघडली, तुकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “बरं झालं. जोडायला रोज यावं लागेल.”

खरं तर जीवाश्म साफ करणं, जोडणं हे माझंच काम. त्याची काही गरज नव्हती. तरी तो यायचा, टेबलापलीकडे बसून तुकडे जुळवायचा, मध्येच माझ्या नाकावरची धूळ बघून हसायचा. त्याची यायची वेळ झाली की माझं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही... ब्रश एकीकडे, मी दुसरीकडे.

आज शेवटचा सांधा राहिला होता. आणि आजच त्याला समुद्रापलीकडच्या एका मोठ्या उत्खननाला होकार कळवायचा होता. एकदा गेला की दोन-तीन वर्षं तरी परत येणं नाही.

ग्लू लावला. सुकेपर्यंत हाड दोन्ही बाजूंनी दाबून धरायचं, हलायचं नाही. माझ्या बोटांवर त्याची बोटं... बोलावं, की नको?

त्याच्या खिशातला फोन वाजला.

“साहेब असतील,” तो म्हणाला. “उत्तर हवंय त्यांना.”

“मग घ्या ना.”

“कसा घेणार? हात काढला तर सांधा सुटेल.”

फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. पहारेकरी येऊन दिवे लावून गेला, तरी आम्ही तसेच. जिला एका जागी बसून धड जेवता येत नाही, ती मी पुतळ्यासारखी उभी होते.

“एक सांगू?” तो हळूच म्हणाला. “सांधा केव्हाच पक्का झालाय.”

“माहीत आहे. ग्लू मीच कालवलाय.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात पुन्हा फोन. इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ कुठल्या कुठे पळालं.

“घे फोन,” मी म्हणाले. “पण नाही म्हण. मला तू... इथे हवा आहेस.”

त्यानं एकच हात काढला आणि फोन कानाला लावला.

“साहेब, नाही जमणार,” तो म्हणाला. “इथे हात अडकलाय माझा.”