चौदावी बाटली

डॉ. यामिनी पडतेने मुंगीचे दात तिसऱ्यांदा मोजले. नऊच भरले.

सूक्ष्मदर्शकाखाली पडलेली मुंगी मिलिमीटरभर लांबीची होती, फिक्या मधाच्या रंगाची आणि जवळजवळ आंधळी. पाचोळ्याच्या थरात राहणाऱ्या या कुळाचा जबडा सापळ्यासारखा असतो आणि त्यावरच्या दातांवरून जात ओळखतात. यामिनीच्या यादीत या कुळातल्या एकवीस जाती होत्या. एकीचेही दात सातांच्या वर नव्हते. दात मोजता मोजता यामिनीबाईंचे स्वतःचे दात पडायची वेळ आली, अशी चेष्टा प्रयोगशाळेत चालायची. ती फारशी मनावर घेत नसे.

"जात नवी आहे, सर," ती म्हणाली. "अगदी शंभर टक्के."

पलीकडच्या मेजावर जनुकगणिती अरविंद मेस्त्री आपल्या नव्या वंशमापक यंत्राची झाकणे पुसत होते. "नवी आहे हे ठीक. पण जिवंत आहे का? शुक्रवारी तुला तेच विचारणार आहेत."

शुक्रवारी भिरवण्याच्या देवराईची सुनावणी होती. राई साठवण तलावाखाली जायची होती. जैवहक्क कायद्यात तिला वाचवणारे एकच कलम होते: जगात दुसरीकडे कुठेही नसलेली जात त्या जागी जिवंत असली पाहिजे. मेलेल्या जातीला कायद्यात जागा नव्हती.

अकरा महिन्यांपूर्वी यामिनी त्या राईत गेली होती. राईतल्या रवळनाथाचे पुजारी बाबी गुरव यांनी तिला वेशीवरच अडवले होते. त्या राईतून लाकूड तर सोडाच, गळलेले पानही कोणी बाहेर नेत नसे.

"हयसून सुक्यां पानसुद्धा भायर न्हेवचां नाय, बाय," ते म्हणाले होते.

"बाबीकाका, नेलं नाही तर राईच जाईल. आत काय आहे ते दाखवायला मला पाचोळा हवाच. एकच पोतं."

म्हातारा देवाकडे वळला. मग त्याने नारळ ठेवला, हात जोडले आणि देवाला गाऱ्हाणे घातले, की बा रवळनाथा, हे पोर तुझी राय राखायला आले आहे, ह्याची चूक आपल्या लेकराची म्हणून पदरात घे. त्याच्या घराण्यात असे गाऱ्हाणे कोणी घातले नव्हते. यामिनीला त्या वेळी ते गोड वाटले, आणि थोडे हसूही आले.

तीन किलो पाचोळा तिने चाळून जाळीच्या पिशवीत भरला, ती पिशवी कापडी झोळीत टांगली आणि झोळीच्या तळाला मद्यार्काची बाटली बांधली. कामाची ही पद्धत जुनी आणि सोपी आहे. पाचोळा वरून सुकत येतो, मुंग्या ओल शोधत खाली खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. तीन दिवसांनी पाचोळ्यात काही उरत नाही.

मग निवड, दिसण्यावरून एकेक जात वेगवेगळ्या बाटलीत. तेराव्या बाटलीत नऊ दातांच्या अडतीस कामकरी मुंग्या निघाल्या. चौदाव्या बाटलीत तिने एकच मुंगी ठेवली होती. ती थोराड, दातांनी बोथट, पोट मोठे आणि अंगावर पंखांची खूणही नाही. 'दुसरी नवी जात?' अशी चिठ्ठी तिने वर चिकटवली होती. एका पोत्यात दोन नव्या जाती! त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना जिलबी खाऊ घातली होती.

"तुमचं वंशमापक एका मुंगीवरून राईतली मुंग्यांची घरं कशी मोजतं?" तिने विचारले. "मी दात मोजणारी बाई. मला समजेल असं सांगा."

"सोयरिकीवरून," मेस्त्री म्हणाले. "कामकरी मुंगीत दोन मजकूर असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. गावात शंभर घरं असली की आई एका घरची, बाप दुसऱ्या घरचा, मजकुरात फरक राहतो. घरं कमी झाली की घरातल्या घरात लग्नं लागतात आणि दोन्ही मजकूर सारखे होत जातात. किती सारखे झालेत ते बघायचं. घरं किती उरली होती ते कळतं."

"होती?"

"तू पाचोळा उचललास त्या दिवशी."

तेराव्या बाटलीतली एक मुंगी यंत्रात गेली. वीस मिनिटांनी पडद्यावर आकडा आला: एक.

"दोन्ही मजकूर अक्षरन् अक्षर सारखे आहेत," मेस्त्री हळू म्हणाले. "चाळीस पिढ्या तरी भावाबहिणींचीच लग्नं. दुसरं घर नाही. असायला जागाही नाही म्हणा, भोवती सगळा रबर आणि काजू."

यामिनीने टाळी वाजवली. "एक तर एक! शून्य तर नाही ना? या बाटलीत राणी नाही, सर. म्हणजे राणी राईत आहे. कामकरी गेल्या तरी ती नव्या जन्माला घालते. उद्याच जाते. पान न् पान उलटून बघेन, पण शुक्रवारच्या आत ते घर शोधेन." तिने पिशवी भरायला घेतलीसुद्धा.

मेस्त्रींना अर्धवट काम सोडवत नसे. "जाता जाता तुझी दुसरी जातही बघू. दोन असतील तर बाजू भक्कम होईल." त्यांनी चौदाव्या बाटलीतल्या मुंगीचा एक पाय यंत्रात ठेवला.

या वेळी आकडा आला नाही. पडद्यावर एक ओळ उमटली. ती वाचून त्यांनी चष्मा काढला.

"यामिनी, बस जरा. ही दुसरी जात नाही. ही त्या अडतीस जणींची आई आहे."

यामिनीने बाटली उजेडात धरली. राणीला पंख असतात, निदान गळलेल्या पंखांचे वण असतात, हे तिच्या डोक्यात इतके पक्के बसले होते की बिनपंखांची राणी तिने परकी म्हणून बाजूला काढली होती. पंखच नाहीत, म्हणून ही जात कुठे उडून गेली नव्हती आणि दुसरे घर झाले नव्हते. ते एकुलते एक घर सगळेच्या सगळे एखाद्या कुजक्या फळात राहत असणार, आणि ते फळ तिच्या पोत्यात आले होते. तीन किलो पाचोळा म्हणजे माणसाच्या हिशेबी काहीच नाही. मुंगीला मुताचा पूर ही म्हण तिने विद्यार्थ्यांना कितीदा ऐकवली होती! ती रडू लागली. मेस्त्री तिच्या शेजारी येऊन बसले.

तेवढ्यात फोन वाजला. बाबी गुरव होते.

"गावली काय गो तुझी मुंगी?"

"गावली, काका."

"नवीच मां?"

"नवीच."

"मगे रवळनाथान गाराणां ऐकल्यान! आता राय खंय जाणा नाय." म्हातारा आनंदाने हसत होता.  यामिनीला खरे सांगता आले नाही.

फोन ठेवून तिने नव्या जातीचा नोंदणी-अर्ज पुढे ओढला. जातीच्या नावापुढे तिने गुरवांच्या गावाचे नाव लिहिले. दात नऊ. राणी बिनपंखी. 'नमुना कुठे ठेवला आहे' या रकान्यात तिने लिहिले: कपाट सहा, बाटली तेरा आणि चौदा.

त्याच्या खालचा रकाना होता, 'जात कुठे आढळते'. तिने डोळे पुसले आणि तिथेही तेच लिहिले.