दाराजवळच्या आजींचा गुडघा

सकाळी चहाआधी म्हाताऱ्यांचे सांधे हलवून घ्यायचे, हे मावशीचं काम. त्या शुश्रूषागृहात ती सगळ्यांत जुनी. एक हात गुडघ्याखाली, एक टाचेखाली, आणि तोंडी एकच पालुपद, "अजून थोडं... थांबायचं नाही हं." डोळे बांधले तरी हातात कुणाचा पाय आहे ते तिनं बिनचूक सांगितलं असतं.

कोपऱ्यातल्या खोलीत दोन खाटा. खिडकीजवळच्या आजींचं एक अंग लुळं पडलेलं. लेक म्हणाली होती, "आईचा गुडघा गाडीत बसण्याइतका वाकला की त्याच दिवशी घरी नेते." आजींचा सगळा जीव त्या गुडघ्यात अडकला होता.

"पोरी, वाकेल ना गं?" त्या रोज विचारायच्या.

"न वाकून जातोय कुठे!" मावशी म्हणायची.

दाराजवळच्या आजींना न्यायला मात्र कुणीच नव्हतं. त्यांचा गुडघा वाकताना कट् वाजायचा. "माझा वाकला काय नि न वाकला काय! घ्या मास्तरीणबाई, भागवा हौस," असं म्हणत पाय पुढे करायच्या. पण शेजारणीच्या घराच्या गोष्टी निघाल्या की कान टवकारून ऐकायच्या.

एका ढगाळ सकाळी मावशीनं नेहमीसारखी दाराजवळच्या खाटेपासून सुरुवात केली. आजी बोलल्या नाहीत. रुसल्या असतील, झालं. पाय गार होता, पण म्हाताऱ्यांचे पाय गारच असतात. "अजून थोडं... थांबायचं नाही हं." कट्. कट्. सगळे सांधे झाले, आणि चादर सारखी करताना तिचं लक्ष उघड्या डोळ्यांकडे गेलं. आजी गेल्या होत्या.

मावशीनं चटकन हात मागे घेतला. अगं बाई, इतका वेळ आपण गेलेल्या माणसाला थांबू नकोस म्हणत होतो! तिनं नर्सला हाक मारली, पण हे काही कुणाला सांगितलं नाही.

त्याच रात्री तिला ताप भरला. बऱ्याच दिवसांनी कामावर आली ती धास्तावूनच. खिडकीजवळच्या आजींचा गुडघा एव्हाना लाकूड झाला असणार. बिचारीचं घर राहिलं आता, या विचारानंच तिला रडू येत होतं. तिनं हात लावला, तर गुडघा अलगद वाकला.

आणि वाजला. कट्.

"आजी... कुणी करून घेतलं हो?"

आजी नुसत्या हसल्या. मावशीच्या हातांनी तो गुडघा ओळखला. पण सांगायचं कुणाला, आणि काय? गुडघा वाजतो म्हणून आईला नेऊ नका? लेक तर आनंदानं रडत होती. गाडीत आजी आपल्या आपण पाय दुमडून बसल्या. काच खाली झाली.

"येते हं, मास्तरीणबाई."

गाडी फाटकाबाहेर गेली तरी मावशी तिथंच उभी होती. मग जड पायांनी खोलीत आली. खिडकीतून स्वच्छ ऊन पडलं होतं. खिडकीजवळची खाट रिकामी, वर नुसती चुरगळलेली चादर. ती ओढायला तिनं हात घातला आणि हाताला गुडघा लागला.

दिसत काही नव्हतं. पण हात ओळखीत चुकत नव्हते. ताठ झालेला, उबदार गुडघा. सवयीनं तिनं तो वाकवून पाहिला. वाकेना. वाजलाही नाही.

"पोरी..." उशीपाशी कुणीतरी अगदी हळू विचारलं, "वाकेल ना गं?"