सुईला कळलेली पावलं

ऑफिसात त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. जन्मभर इमारतींचे नकाशे काढले आणि घरीही तोच खाक्या. दोन स्पीकर आणि त्यांची खुर्ची यांच्यातलं अंतर त्यांनी टेपने मोजून ठरवलं होतं. खुर्ची वीतभर सरकली तरी त्यांना गाणं बिघडल्यासारखं वाटायचं.

चूक एकच राहून गेली होती. रेकॉर्ड प्लेयरचं टेबल लाकडी जमिनीवर होतं. कुणी चाललं की फळ्या हलायच्या, सुई थरथरायची आणि गाण्याखालून स्पीकरमध्ये धप्प असा आवाज यायचा. म्हणून घरात नियम होता, रेकॉर्ड लागली की कुणी चालायचं नाही.

बायकोने तो कधी पाळला नाही. गुडघ्यामुळे डावा पाय ओढत ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन यायचीच. धप्प, खस्स. धप्प, खस्स. फूटपट्टी डोळे वटारायचे.

"अहो, तुमच्या त्या सुईला माझं मेलीचंच कसं वावडं?" असं म्हणत ती त्यांच्या हाताशी कप ठेवायची. टक्.

ती गेली आणि घर खायला उठलं. नियम मोडायलाही कुणी उरलं नाही.

त्यानंतर मुलीने दुसऱ्या शहरात नवं घर घेतलं. "बाबा, आता इकडेच या," ती फोनवर म्हणाली. "पण ती रेकॉर्डची कपाटं मी कुठे ठेवू? सगळी गाणी कॉम्प्युटरवर घ्या ना. हेडफोन लावून ऐका. आवाज तोच."

"तोच कसा असेल?"

"ऐकून तर बघा."

मग दुपारी जेवण झालं की फूटपट्टी स्पीकर बंद करून रेकॉर्ड लावायचे आणि ती कॉम्प्युटरवर उतरेपर्यंत खुर्चीत न हलता बसायचे. नंतर हेडफोन लावून तपासायचे. एका गाण्यात, वाद्यं थांबतात त्या जागी, त्यांना लांबून आवाज आला. धप्प.

वरचा मजला तर रिकामा होता. टेबलच दगा देतंय म्हणून त्यांनी भिंतीत फळी ठोकली, पाणसळीने पातळी जुळवून प्लेयर तिच्यावर चढवला आणि स्वतः पाय वर घेऊन बसले. नव्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज होताच. आता धप्पमागून खस्सही होतं.

त्यांनी हेडफोन काढले आणि लहान मुलासारखे रडले. खोलीत काही नव्हतं. बसल्या जागी त्यांना कधीच काही ऐकू यायचं नाही. जे कळायचं ते सुईला.

प्रत्येक नव्या रेकॉर्डिंगमध्ये पावलं थोडी पुढे यायची. स्वयंपाकघराचं दार झालं, वाटेतली कुरकुरणारी फळी झाली, कपाट झालं. भीती वाटायला हवी होती, पण त्यांना सकाळपासून दुपारचेच वेध लागायचे. आणि एके दिवशी पावलं खुर्चीपर्यंत आली आणि थांबली.

टक्.

त्यांनी हाताशी पाहिलं. तिथे नुसती धूळ होती.

मुलगी न्यायला आली तेव्हा ते मुकाट निघाले. आता बायको कॉम्प्युटरमध्ये उतरली आहे, आपल्याबरोबरच येईल, असा त्यांनी हिशेब केला होता. प्लेयर आणि स्पीकर एका शाळामास्तरांनी विकत घेतले आणि जुन्या रजईत गुंडाळून नेले.

नव्या घरात छोटी खोली, चकचकीत फरशी. फूटपट्टींनी हेडफोन लावले. पावलं आली, कुरकुरली, खुर्चीपाशी थांबली. टक्. दुसऱ्या दिवशी तीच पावलं, त्याच सुरावर, तिथेच थांबली. महिना झाला तरी एक पाऊल कमी नाही की जास्त नाही. फोटोतलं माणूस कुठे म्हातारं होतं?

मग मास्तरांचा फोन आला.

"काका, हसू नका हं. तुमच्याकडे गाणं चालू असताना कुणी चालायचं का?"

"का हो?"

"स्पीकरमधून पावलं ऐकू यायची. आमच्याकडे दगडी फरशी आहे, पण आवाज लाकडावरचा. एक पाय ओढल्यासारखा."

"कुठपर्यंत यायची?"

"आधी माझ्या खुर्चीपर्यंत. थांबायची आणि परत फिरायची. मग घरभर हिंडायला लागली. या खोलीत, त्या खोलीत. कुणाला तरी शोधावं तशी."

"आणि आता?"

"म्हणूनच फोन केला. परवा ती दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली. तेव्हापासून गाणं अगदी स्वच्छ वाजतंय."

त्यांनी फोन ठेवला. मुलगी चहा घेऊन येत होती.

"थांब," ते म्हणाले. "चालू नकोस."

ती कप घेऊन दारातच उभी राहिली. "काय झालं, बाबा?"

फूटपट्टी कान देऊन बसले. कॉम्प्युटर बारीक आवाजात घुमत होता. फरशी हलत नव्हती, आणि हलली असती तरी ऐकायला इथे सुई नव्हती.

बायकोने हे घर कधी पाहिलंच नव्हतं.