मिहिरच्या खुर्चीवर

सत्यम, हेडफोन लाव आणि निवांत ऐक. मध्ये बोलू नको, माझी लिंक तुटते.

आपल्या मिहिरच्या सईताईचा फोन आला होता. म्हणाली, मिहिरचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय, आपोआप चालू होतोय. तिला काका-काकूंना पुण्याला घेऊन जायचं होतं, पण काकू त्या कॉम्प्युटरसमोरून हलंनात. मिहिरचे सगळे फोटो त्यातच. "सार्थक, कॉपी करून दे रे, म्हणजे आई निघेल." एवढंच काम. मी म्हणलं, अर्ध्या तासाचं आहे.

दुपारीच गेलो सिडकोत. बाहेर टळटळीत ऊन अन् मिहिरच्या खोलीत पडदे ओढलेले. तापलेल्या धुळीचा वास येतो ना मशीनला, तो, आणि त्यात सुकलेल्या झेंडूचा. काकू खुर्चीवर. ताटसुद्धा मांडीवर. स्क्रीनवर मिहिरचे फोटो सरकत होते. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हळदीकुंकवाची बोटं.

मिहिरच्या बाबांनी, हेमचंद्रकाकांनी, मला दारापाशी ओढलं.

"मिहिर जाऊन वर्ष नाही झालं, सण करायचा नव्हता. हिनं खंडेनवमीला गुपचूप या मशीनची पूजा केली. दरवर्षी तो करायचा ना. पण हिनं देवाच्या जागी त्याचं नाव घेऊन आवाहन केलं."

"मग?"

"बोलावलं की निरोपही द्यायचा असतो. उत्तरपूजा केलीच नाही तिनं. जा म्हणायला जीभ रेटली नाही."

मला मनात हसूच आलं, खोटं कशाला बोलू. मशीन उघडलं, पंख्यातनं अक्षता निघाल्या. म्हणलं सापडलं भूत. रॅम रबरानं घासली, प्रोसेसरला पेस्ट लावली, वायरी बदलल्या. मशीन लई मस्त चालू झालं. काकू खुर्ची सोडंनातच, मी त्यांच्या पायाशी बसून करत होतो.

"काकू, झालं बघा. उठा आता, चहा पाजा."

काकू उठल्या. खट्. स्क्रीन काळी. पुन्हा चालू झाली तर एका फोटोच्या जागी करडा चौकोन. खाली नाव होतं, 'मुंज'.

सईताई म्हणाली, "आई, मुंजीचा गेला गं."

काकू तिच्याकडं बघत राहिल्या. "कुणाची मुंज?"

"आई... मिहिरची."

"त्याची मुंज झाली होती?"

मी वरचे फोटो बघत मोजायला लागलो तर करडे चौकोन ओळीनं होते. काका हळूच म्हणाले, "जितक्यांदा उठली तितके. मला वाटलं दुःखानं विसरतेय." म्हणून ती बाई उठत नव्हती, सत्यम. तिला कळलं होतं.

पेनड्राइव्हवर घेतले तर तिथं सगळेच करडे. हार्डडिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली, तेच. परत मशीनमध्ये बसवली. मला काय येतं ते सगळं संपलं.

मग काकांनी तबक आणलं. काकूंच्या हातावर अक्षता दिल्या. तिनं लई वेळ मूठ उघडलीच नाय. शेवटी कॅबिनेटवर टाकल्या, विसर्जनाआधी मूर्ती हलवतात तसं दोन्ही हातांनी ते थोडं सरकवलं आणि म्हणाली, "ये बाळा." जा नाय म्हणाली. मशीन आपोआप शांत झालं. काकू उठल्या, भिंतीला धरून आत गेल्या आणि पडल्या पडल्या झोपल्या.

मी खूश. म्हणलं आता निवांत कॉपी मारू. काकू जाग्या झाल्यावर सईताई म्हणाली, "आम्ही निघतो, झालं की किल्ली शेजारी दे." काकू जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या. लई हलक्या दिसल्या.

मशीन पुन्हा जोडलं. आणि भावा, तुला माहितीय आपल्या दुकानाची सवय. दुरुस्त केलेलं मशीन पहिल्यांदा चालू करताना शेठ हात जोडायला लावतो, दोन दाणे टाकायला लावतो. तबकात उरल्या होत्या अक्षता. टाकल्या. हात जोडले. वर तोंडातनं गेलं, "चल मिहऱ्या, साथ दे."

कळलं का काय केलं मी?

चालू झालं. फोटो कॉपी व्हायला लागले, एकदम साफ. मी खुर्चीवर बसून बघत होतो. तहान लागली म्हणून उठलो.

खट्.

तेव्हापासून बसलोय. सईताईला फोन लावला, काकांनी उचलला. म्हणलं, काका, उत्तरपूजा सांगा, मी करतो. मग म्हणाले, "ज्यानं बोलावलं त्यानंच मनापासून निरोप द्यावा लागतो. तुला देववेल का?"

दोनदा अक्षता टाकल्या, सत्यम. सरकवलं पण. त्याचा हसरा फोटो समोर आला की हात मागं येतो. मशीन काय शांत होत नाय.

बरं, ते जाऊ दे. तुला फोन यासाठी केला की मी उठलो तेव्हा जो चौकोन करडा झाला, त्याच्याखाली मिहिरनं लिहिलंय, 'सार्थकनं वाचवलं तो दिवस'.

तू होतास का रे तिथं? मी कशातनं वाचवलं त्याला?