‘क्लेम’ला मराठीत काय म्हणतात

“ही आग वकील आहे का?”

दैनिकात भाषांतराच्या टेबलावर तिचा तिसराच दिवस होता. तिनं मान वर केली. समोर छापील पान धरून मुद्रितशोधक उभा होता. अख्खं ऑफिस त्याला ‘रफार’ म्हणायचं... तसाच बारीक, वरून वाकलेला.

“का?”

“तिनं अकरा कामगारांवर दावा केलाय. तुम्हीच लिहिलंय.”

इंग्रजी बातमीत ‘क्लेम’ होतं, तिनं दावा ठोकून दिला होता. तिला हसू फुटलं... आणि अकरा आकड्यावर नजर जाताच ते विरलं.

“आग बळी घेते,” तो हळू आवाजात म्हणाला. “दावा मंत्री करतात. स्फोटाची जबाबदारी कुणीतरी स्वीकारतं. आणि ज्याला न्यायला कुणीच येत नाही, तो बेवारस. इंग्रजीत सगळीकडे हे एकच क्रियापद.”

मग तो रोज चारच्या सुमारास खाली उतरायला लागला, चूक असो वा नसो.

“तुम्ही मुद्दाम चुकता का हो?”

“आणि तुम्ही दोन जिने उतरून येता, ते फक्त चुकांसाठी?”

रफार कानापर्यंत लाल झाला. चष्मा पुसत बसला.

महिनाभरानं नदीत प्रवासी बोट बुडाली. नऊ जण गेले. बोट चालवणारा रफारचा दादा होता; तोही त्यांत गेला.

दादाचा मृतदेह दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात मिळणार होता. घरी आईपाशी मावशी होती. रफार कामावर येऊन बसला. “पान माझ्याच हातून जाऊ दे,” एवढंच बोलला.

बातमी भाषांतराला तिच्याकडे आली. संपादकांनी शीर्षक दिलं: ‘चालकाच्या नशेने घेतले नऊ बळी’.

ती उठली. “साहेब, मूळ बातमीत बोटीचा मालक तसं ‘क्लेम’ करतोय. सिद्ध काहीच झालेलं नाही.”

“शीर्षकात तेवढी जागा नाही.”

“मग नशा काढा. जागा होईल.”

“नवीन आहेस. जपून बोल.”

ती टेबलापाशी तशीच उभी राहिली. शेवटी संपादकांनी वैतागून पेन उचललं. ‘बोट बुडून नऊ बळी’. खाली बारीक अक्षरात... ‘चालक नशेत असल्याचा मालकाचा दावा’.

पान वर गेलं. अर्ध्या तासानं रफार तिच्यासमोर आला.

“चूक सापडली नाही,” तो म्हणाला. “उद्या त्याला आणायला जायचंय. एकट्याला... जमेल असं वाटत नाही.”

“मी येते.”

सकाळी शवागाराबाहेरच्या खोलीत फिनेलचा वास कोंदला होता. कारकुनानं रजिस्टर उघडलं. “तुम्ही?”

“धाकटा भाऊ.”

“साक्षीदार म्हणून मयताच्या नात्यातलं आणखी कुणीतरी लागेल. या मयताच्या कोण?”

रफार घुटमळला. “या... आमच्या ऑफिसात...”

“भावजय लिहा,” ती म्हणाली.

रफारनं चमकून पाहिलं. “अजून... नाही,” तो पुटपुटला.

“होणार आहे,” तिनं त्याच्याकडे बघतच सांगितलं. “तुमची हरकत नसेल तर.”

त्यानं मान डोलावली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच रडला. कारकून खाली मान घालून थांबला. मग रिकाम्या रकान्यात त्यानं ‘होणारी भावजय’ असं लिहिलं आणि रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं.

रफारनं सही केली. तिनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खाली आपली सही केली.